पहिल्यांदाच गाडीला हातानं पॉलिश करताय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दसरा जवळ आला की गाडीच्या रंगाबद्दलची पत्रं वाढतात, आणि वाढणारच, खंडेनवमीला गाडीला हार घालायचा म्हणल्यावर त्याआधी ती चमकायलाच पाहिजे. यावेळी परभणीहून आलेला प्रश्न इतका मनापासून विचारलेला होता की बरीचशी जागा त्यालाच दिली. बाकीच्यांची उत्तरं खाली आहेत.

प्रश्न (परभणी) : सर, माझी लाल रंगाची छोटी गाडी आहे, 2018 ची, मागच्या वर्षी सेकंड हँड घेतली. घर मोंढ्याच्या मागं आहे, दिवसभर ट्रॅक्टर-टेम्पोची ये-जा, त्यामुळं रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसूनच बाहेर काढतो. तरी आता उन्हात उभी केली की बोनटवर गोल गोल जाळं दिसायलंय. डिटेलिंगवाल्यानं सांगितलेला आकडा परवडणारा नाही. मशीन नाही, हातानंच करायचं ठरवलंय, शाम्पू, पॉलिश आणि वॅक्स आणून ठेवलंय, पण आठ दिवस झाले बाटली उघडायची हिंमत होईना. पाणी बोअरचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, सुरुवात ते रोज सकाळचं कोरडं फडकं बंद करण्यापासून करा. आजपासूनच. तुमचं जाळं त्या फडक्यानंच विणलंय.

मोंढ्याच्या रस्त्यावरचा फुफाटा म्हणजे नुसती मऊ माती नसते, त्यात मुरमाची कच असते, खडीचा चुरा असतो, आणि हे सगळं तुमच्या गाडीच्या वरच्या थरापेक्षा कठीण असतं. फडकं मऊ असलं म्हणून काय झालं, रंगावर घासली जाते ती फडक्याखाली अडकलेली कच. थंडीत तर आणखी वाईट, रात्री दव पडतं, धुळीचा चिखल होतो, आणि आपण सकाळी त्याच ओलाव्याचा फायदा घेऊन गाडी खसाखसा पुसतो, वाटतं बिनपाण्याची धुतली. जाळं गोल दिसतं म्हणून लोक गोल पुसण्याला दोष देतात, पण ओरखडे वाट्टेल त्या दिशेला असतात, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती त्यातले जेवढे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल वाटतं. तुम्ही सरळ पुसलं असतं तरी ओरखडे पडलेच असते.

आता बाटली उघडायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे भीतीही योग्य जागी राहील. पत्र्यावर आधी गंज न चढण्यासाठीचा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगाचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरतात, म्हणजे ज्या थरावर तुम्ही पॉलिश घासणार तो एका केसापेक्षाही पातळ आहे. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे बरं का, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर किंचित खाली आणणं. जेवढं घासलं तेवढं कायमचं गेलं. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारा थर हाच आहे, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढं जातो तेव्हा त्याची किती गरज असते ते वेगळं सांगायला नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा मामाची मरून गाडी होती, आणि बोनटच्या कडेला एक ओरखडा काही केल्या जाईना, तर मी बोटाच्या टोकावर फडकं गुंडाळून त्या एकाच जागी अर्धा तास घासत बसलो. आधी चमक आली, मग फडक्यावर मरून रंग आला, आणि मला वाटलं मळ निघायलाय. तो मळ नव्हता. थोड्या वेळानं कडेला राखाडी प्रायमर दिसला, करंगळीच्या नखाएवढा. मामा काही बोलले नाहीत, पण ती गाडी विकेपर्यंत मला ती जागा दिसायची. कडांवर, दरवाज्याच्या उठलेल्या रेघांवर रंग सगळ्यात पातळ असतो, म्हणून तुम्ही तिथं आधीच मास्किंग टेप लावा, आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरही लावा, तिथं पॉलिश लागलं की पांढरं पडतं आणि सहजी निघत नाही.

आता धुण्याकडं येऊ. अर्ध्याहून जास्त काम इथंच आहे, आणि सगळे घाई इथंच करतात.

गाडी सावलीत, पत्रा थंड. हाताची पालथी बाजू बोनटवर ठेवा, आरामात ठेवता आली तरच पाणी घाला. आधी नुसत्या पाण्यानं वरून खाली धूळ वाहू द्या, हात लावू नका. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, छताचा एक भाग हलक्या हातानं पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि परत शाम्पूत. वरून खाली यायचं, दरवाज्यांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, चाकांना बादली आणि फडकं दोन्ही वेगळं. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. जी काळी माती आणि कच तिथं बसलेली दिसेल ती सगळी एरवी तुमच्या रंगावर फिरली असती. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण वापरू नका, आधीचं वॅक्स असेल तर तेही निघून जातं आणि रबर कोरडं पडतं.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर आपलं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, थेंब वाळला की पाणी उडतं आणि क्षार पांढऱ्या कड्यासारखे रंगावर बसतात. म्हणून गाडी उन्हात वाळत ठेवायची नाही, मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरवायचा आणि दाबून किंवा अलगद ओढून पाणी टिपायचं. पावसाचं पाणी पन्हाळीखाली धरलेलं असेल तर शेवटचा हात त्याचा फिरवा, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आणि एक, घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बरेच जण पाणी वाचवायचं म्हणून गाडीला वापरतात, हेतू चांगला आहे पण त्या पाण्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त झालेले असतात, ते फरशीला वापरा. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून ओलं फडकं मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. तरी राहिले तर क्षारांनी थर खाल्लाय असं समजा, ते पॉलिशनंच कमी होतील.

धुतल्यावर गाडी स्वच्छ दिसते पण असतेच असं नाही. पातळ कॅरीबॅगमध्ये हात घाला आणि बोनटवरून अलगद फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल, रव्यावरून हात फिरवल्यासारखा. ते डांबराचे बारीक कण, ब्रेकची लोखंडी धूळ, झाडांचा चीक असं रुतून बसलेलं असतं, आणि ते शाम्पूनं निघत नाही. त्यासाठी क्ले बार मिळतो, कणकेच्या गोळ्यासारखा. त्याची पुरीएवढी चकती करायची, शाम्पूच्या पाण्यानं पत्रा चिक्कार ओला ठेवायचा आणि चकती घसरू द्यायची, दाबायची नाही. सुरुवातीला कचकच आवाज येतो, मग तो थांबतो, मग हात आपोआप घसरायला लागतो. चकती मळली की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. खाली जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकून द्या, धुऊन वापरू नका, त्यात अडकलेला एक खडासुद्धा पूर्ण दरवाजाभर रेघ ओढतो.

मग पॉलिश. पहिल्या दिवशी पूर्ण गाडी करायची नाही. बोनटचा एक दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन घ्या, त्याच्या मधोमध टेप लावा आणि टेपच्या एकाच बाजूला काम करा. फोमच्या पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब. हात सपाट ठेवा, तळवा आणि चारही बोटं सारखी टेकलेली पाहिजेत, बोटांच्या टोकावर जोर गेला की तिथंच जास्त घासलं जातं. आधी सगळीकडं पसरवा, मग उभ्या रेघा, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर निम्मी चढलेली, मग त्याच जागी आडव्या. जोर पोळी लाटताना असतो तेवढा, भाकरी थापायचा नाही. दोन-तीन मिनिटांत पॉलिश पातळ, तेलकट आणि जवळजवळ पारदर्शक होतं, तिथं थांबा. वाळू देऊ नका. स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा, टेप काढा, आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोन्ही बाजू बघा.

टेपच्या या बाजूला लाल रंग खोल गेल्यासारखा दिसेल आणि त्या बाजूला धुरकट जाळं तसंच. हे बघितल्यावर तुमची आठ दिवसांची भीती जाईल, माझी तशीच गेली होती. पण एक खात्री करून घ्या, बऱ्याच पॉलिशमध्ये तेल असतं, ते ओरखड्यात बसून तात्पुरतं झाकतं आणि दोन धुण्यांत सगळं परत दिसायला लागतं. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तिप्पट पाणी घालून त्यानं एकदा पुसा आणि मग बघा, उरलेली चमक खरी. समाधान झालं नाही तर तिथंच अजून एकदा करा, जास्तीत जास्त दोनदा.

हातानं सगळं जाळं जाणार नाही. बारीक ओरखडे बरेच कमी होतील, मध्यम थोडे पुसट होतील, खोल तसेच राहतील. नख आडवं फिरवून बघा, ज्यात नख अडकतं तो ओरखडा पॉलिशचा विषय नाही, तो सोडून द्या. फडक्यावर लाल रंग यायला लागला तर ताबडतोब थांबा, एकतर तुमच्या गाडीला वेगळा क्लिअर कोट नसून रंगाचाच एक थर आहे, जसा जुन्या अँबॅसिडर-पद्मिनीला असायचा, नाहीतर तुम्ही माझ्यासारखे क्लिअर कोटच्या पार गेलात. एका बोनटला तास-दीड तास धरा. बोनट एका रविवारी, छत दुसऱ्या रविवारी, दरवाजे नंतर, कोणी मागं लागलेलं नाही.

वॅक्स त्यामानानं सोपं. पातळ, अगदी पातळ थर, जास्त लावलं तर फक्त पुसायला त्रास. बोट फिरवल्यावर खालचा भाग स्वच्छ चकचकीत दिसला की पुसायची वेळ झाली. कार्नोबाचं वॅक्स, जे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून येतं, ते आपल्या उन्हात दीड-दोन महिने टिकलं तरी पुष्कळ. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम थर, त्याहून जास्त टिकतं. कोणतंही लावा, पण लावा, कारण पुढची धूळ आणि पुढचं बोअरचं पाणी आधी त्याच्यावर बसणार आहे.

आणि रोजच्या धुळीचं काय, असं तुम्ही विचारणारच. धुळीची गाडी चालवा. काच तेवढी पुसा. आठवड्यातून एकदा नीट धुवा. धूळ नुसती बसल्यानं रंगाचं काही बिघडत नाही, ती घासल्यानं बिघडतं.

प्रश्न (लातूर) : आमच्या भागात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर. दोन बादल्या आणि वर धुवायचं पाणी, एवढं गाडीवर घालायला मन होत नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : ताई, ज्या शहराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला मन होणार नाहीच, आणि तुमचं बरोबर आहे. पाइपनं गाडी धुताना किती जातं ते एकदा मोजून बघा, 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरत असेल तर पंधरा मिनिटांत 150 लिटर गेलं. त्याऐवजी रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं, ते वरून धुवावं लागत नाही. बाटलीवर लिहिलेल्या मापानं एका बादलीत टाका, त्यात आठ-दहा मायक्रोफायबर फडकी भिजवून ठेवा. थोडं तेच पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून आधी पत्र्यावर फवारा, दोन मिनिटं थांबा म्हणजे धूळ फुगून सुटते, मग एक ओलं फडकं चार पदरी घडी करून एकाच दिशेनं ओढा आणि प्रत्येक वेळी घडी बदला. फडक्याच्या आठही बाजू मळल्या की ते बाजूला ठेवायचं, परत बादलीत बुडवायचं नाही, ही अट मोडली की सगळं मुसळ केरात. मागोमाग कोरड्या टॉवेलनं टिपा. दहा लिटरच्या आत गाडी होते. मात्र पावसाळ्यात शेतातून आणलेली, काळ्या चिखलानं लिंपलेली गाडी अशी करू नका, त्या चिखलाला आधी वाहतं पाणीच लागतं.

प्रश्न (जालना) : पांढऱ्या गाडीवर सुईच्या टोकाएवढे तपकिरी-नारिंगी ठिपके पडलेत, शेकड्यानं. पत्रा गंजायला लागला का? कंपनी एमआयडीसीत आहे, गाडी दिवसभर तिथंच उभी असते.

उत्तर : बहुतेक पत्रा ठीक आहे, गंज बाहेरून आलेल्या लोखंडाच्या कणांचा आहे. जालन्यात स्टीलचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. हवेतून आलेले, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि दव-पावसानं गंजतात, पांढऱ्यावर लगेच दिसतात इतकंच. आयर्न रिमूव्हर आणा, धुतलेल्या थंड गाडीवर सावलीत फवारा, दोन-चार मिनिटांत ठिपक्यांतून जांभळे ओघळ यायला लागतील, म्हणजे कण विरघळायलेत. वास घाण असतो, हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. उरलेले क्लेनं निघतील. घासून काढायला जाऊ नका. वॅक्स लावत राहिलात तर पुढच्या वेळी कण कमी रुततील.

प्रश्न (अंबाजोगाई) : टूथपेस्टनं ओरखडे जातात असं व्हिडिओत दाखवतात. आमचे सर्व्हिसिंगवाले डिझेलचा हात फिरवतात, गाडी नवी दिसते. खरं काय?

उत्तर : टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते म्हणून थोडा फरक दिसतो, पण ती पूड दातासाठी केलेली आहे, रंगासाठी नाही. पॉलिशची छोटी बाटली आणा. डिझेलची चमक म्हणजे तेलाचा ओलावा, तासाभरात त्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि दरवाज्याची रबरं फुगतात. नको म्हणून सांगा, स्पष्ट सांगा.

प्रश्न (नांदेड) : दोन प्रश्न आहेत. ट्रकनं घासल्यामुळं एक दरवाजा महिन्याभरापूर्वी नवीन रंगवून घेतला, त्याला वॅक्स कधी लावू? आणि छतावरचे पापुद्रे सुटायलेत, ते पॉलिशनं बसतील का?

उत्तर : रंगवलेल्या दरवाज्यातलं थिनर हळूहळू उडत असतं, त्याला मोकळं राहू द्या. रंगाऱ्यानं मुदत सांगितली असेल ती पाळा, नाहीतर दोन-तीन महिने थांबा, तोवर नुसतं सौम्य शाम्पूनं धुवा. छताचं दुःख मात्र वेगळं आहे. पापुद्रे म्हणजे क्लिअर कोट उन्हानं मेला आणि रंगापासून सुटला, घासाल तेवढा जास्त सुटेल. त्याला परत रंगवणं हाच उपाय आहे, पॉलिशवर पैसे घालवू नका.

प्रश्न (धाराशिव) : गाडी आंब्याखाली लावतो, सावली मिळते पण मोहोराच्या दिवसांत सगळी चिकट होते, वर पाखरांची घाण. रोज धुणं शक्य नाही.

उत्तर : तो चिकटा तुडतुड्यांचा असतो, गोड असतो, ताजा असताना साध्या पाण्यानं निघतो आणि आठ दिवसांनी नखानंही निघत नाही. पाखरांची घाण त्याहून वाईट, ती आम्ल असते आणि तापलेल्या पत्र्यावर एका दुपारीत ठसा उमटवू शकते. गाडीत पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेवा. दिसली की ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवायचं, मग उचलून घ्यायचं, पुसायचं नाही. मोहोराचे दोन महिने दुसरीकडं लावता आली तर फारच उत्तम. कव्हर घालणार असाल तर धुतलेल्या गाडीवरच घाला, धुळीच्या गाडीवरचं कव्हर वाऱ्यानं दिवसभर हलतं आणि तेच काम करतं जे परभणीच्या दादांचं फडकं करत होतं.

प्रश्न (हिंगोली) : खंडेनवमीला बोनटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतो. मागच्या वर्षी पांढऱ्या गाडीवर डाग राहिला. पूजा तर करायचीच आहे, मग काय करू?

उत्तर : पूजा जरूर करा. फक्त चार-पाच दिवस आधी गाडी धुऊन बोनटला वॅक्स लावून ठेवा, म्हणजे कुंकू वॅक्सवर बसेल. कुंकू तेलात कालवू नका, पाण्यात कालवा, आणि दुसऱ्या दिवशी दसरा झाला की संध्याकाळी ओल्या फडक्यानं टिपून घ्या, आठवडाभर उन्हात राहू देऊ नका. मागच्या वर्षीचा डाग पिवळा असेल तर तो हळदीचा, हळदीचा रंग उन्हानं आपोआप उडतो, थोडा धीर धरा. लाल असेल तर पॉलिशचा एक हलका हात पुरेल. झेंडूच्या हाराला आत तार आहे का ते बघून घ्या, वाऱ्यानं हार हलला की ती तार बोनटवर रेघा ओढते, हार दोऱ्यात ओवून घेतलेला बरा. आणि लिंबू बोनटवर कापू नका, चाकाखालीच ठेवा.